निर्यात-कर्ज म्हणजे तगाई नव्हे

परदेशात माल धाडण्याचा मनसुबा रचणारा छोटा उद्योजक, मग तो हावड्याच्या बेलिलियस रोडवरील लोखंडी ओतकामाचा कारखानदार असो, बानतल्याच्या चर्मनगरीत पिशव्या शिवणारा असो, किंवा गलाईचा पिढीजात धंदा सांभाळून आता दागिन्यांच्या निर्यातीकडे वळू पाहणारा, मूळचा विटे-खानापूरकडील पण बडाबाजारात स्थिरावलेला एखादा मराठी गृहस्थ असो, कागदपत्रांची पिशवी मांडीवर घेऊन अखेरीस एकच प्रश्न विचारतो : ‘निर्यातीसाठी सरकार पैसे देते म्हणतात, ते नेमके कोणत्या कचेरीत मिळतात?’ या प्रश्नात पैसे सरकार देते हे एक गृहीत आहे आणि ते एखाद्या कचेरीत मिळतात हे दुसरे. दोन्ही चुकीची असल्यामुळे पुढची सारी धावपळ, दलालाच्या दक्षिणेसह, वाया जाते.

दुष्काळाच्या सालात मामलेदार कचेरीतून कुणब्याला बैलाबियाण्यासाठी तगाई मिळे, तशीच काहीशी रक्कम निर्यातदाराच्याही नावे सरकारदप्तरी मंजूर होऊन पडलेली असते आणि फक्त वशिल्याअभावी ती हाती येत नाही, ही समजूत लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली आहे की ती खोडून काढणाऱ्यालाच संशयाने पाहिले जाते. ही रक्कम शोधायला लोक प्रथम जातात ती विदेश व्यापार महासंचालनालयाची कोलकात्यातील कचेरी एस्प्लनेड ईस्टला आहे. तेथून आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे ज्याला बाजारात सर्रास ‘आयईसी’ म्हणतात तो, मिळतो. त्याचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे, अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो, आणि प्राप्तिकर खात्याचा ‘पॅन’ हाच आता हा क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की मुदतीचा प्रश्न उरत नाही. मात्र दरसाल एप्रिल ते जून या काळात त्यावरील माहिती कायम करावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो. एवढ्याशा कामाचे हजारो रुपये उकळून वर ‘आता कर्ज मंजूर झालेच म्हणून समजा’ असे आश्वासन देणारे महाभाग या शहरात कमी नाहीत, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारे तर त्याहून अधिक! हा क्रमांक म्हणजे सीमा ओलांडून व्यापार करण्याची परवानगी होय. त्याच्यामागे तिजोरी नाही.

मग लोक वुड स्ट्रीटवरील वाणिज्य भवनाची पायरी चढतात. १९५५ साली स्थापन झालेली अभियांत्रिकी निर्यात प्रोत्साहन परिषद, जिला सारे ‘ईईपीसी’ म्हणतात, आणि खनिजे व रसायनांपासून रबरापर्यंतचा माल पाहणारी ‘कॅपेक्सिल’ या दोन अखिल भारतीय परिषदांची मुख्यालये दिल्लीत वा मुंबईत नसून याच इमारतीत आहेत, हे कोलकातेकरांचे भाग्यच म्हणायचे. परंतु तेथेही कर्ज मिळत नाही. मिळते ते नोंदणी व सदस्यत्वाचे प्रमाणपत्र, ज्यावाचून कित्येक सवलतींचा दावाच करता येत नाही. मिळते ती बाजारांची माहिती आणि परदेशी प्रदर्शनांत भाग घेण्याची संधी. प्रदर्शनाच्या खर्चाला सरकारी साहाय्य असते हे खरे, पण विमानभाड्यासारखा खर्च सामान्यतः आधी पदरमोड करून भागवावा लागतो आणि परतावा मागाहून, नियमांची चाळण लावून, येतो.

पैसा येतो तो आपल्याच बँकेतून, आणि तो येतो मागणीच्या बळावर. रिझर्व्ह बँकेने निर्यात-कर्जाची योजना प्रथम १९६७ साली सुरू केली, आणि तपशील कितीही बदलले तरी तिचा गाभा अद्याप तोच आहे. हावड्याच्या ओतकामाच्या भट्टीत बनलेली गटारांची झाकणे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बसविलेली आहेत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तेव्हा उदाहरण त्याच धंद्यातले घेऊ. समजा, परदेशी ग्राहकाने ४० लाख रुपयांच्या झाकणांची मागणी लेखी नोंदविली. बँक त्या कागदाची शहानिशा करते, जहाजावर माल चढेपर्यंतची किंमत हिशेबात धरते, निर्यातदाराचा स्वतःचा हिस्सा म्हणून, उदाहरणापुरते, चौथा भाग वजा करते, आणि उरलेल्या ३० लाखांपर्यंत माल पाठविण्यापूर्वीचे कर्ज देते. यालाच ‘पॅकिंग क्रेडिट’ म्हणतात. त्या पैशांतून बीड, कोळसा आणि मजुरी भागवायची, आणि माल खिदिरपूरच्या गोदीतून वा हल्दियातून रवाना झाला की जहाजाची पावती, बीजक आणि शिपिंग बिल बँकेत रुजू करायचे. मग बँक त्या कागदपत्रांवर माल पाठविल्यानंतरचे कर्ज देते, त्यातून आधीचे कर्ज फिटते, आणि ग्राहकाचे डॉलर आले की हे दुसरेही मिटते. कर्ज घेतल्यापासून ३६० दिवसांत माल गेलाच नाही, तर ते पहिले कर्ज निर्यात-कर्ज राहत नाही आणि सवलतीचा व्याजदर जातो, असा दंडक अनेक वर्षे चालत आला. २०२५ साली अमेरिकेने आयातकर वाढविल्यावर रिझर्व्ह बँकेने काही काळापुरती ही मुदत ४५० दिवसांवर नेली.

ज्याच्या हाती मागणीचा कागदच नाही, त्याला बँक कशाच्या आधारावर कर्ज देणार? जुन्या, पत असलेल्या निर्यातदाराला मागणीवाचूनही चालू खात्यासारखी मुभा मिळते. परंतु पहिलाच माल पाठविणाऱ्याने तिची अपेक्षा धरू नये. ग्राहक आधी शोधावा, बँकेची पायरी नंतर चढावी, हे मी सांगतो तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘याला आतली गोष्ट ठाऊक नाही’ असा भाव स्पष्ट दिसतो.

‘घर गहाण टाकल्यावाचून छोट्याला कोणी उभे करीत नाही’ ही तक्रार मात्र सर्वस्वी निराधार नव्हे. शाखेच्या व्यवस्थापकाला तारण प्रिय असतेच. तथापि २००० साली सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी पतहमी न्यास स्थापन झाला तो याचसाठी, आणि १ एप्रिल २०२५ पासून त्याच्या हमीची कर्जमर्यादा १० कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने केवळ निर्यातदारांसाठी २०,००० कोटी रुपयांपर्यंतच्या तारणविरहित जादा कर्जाला पूर्ण हमी देणारी योजनाही मंजूर केली. पण ही हमी बँकेला आहे, कर्जदाराला नव्हे. कर्ज बुडाले तर हमी देणारी संस्था बँकेची भरपाई करते. ऋणकोची जबाबदारी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि ‘हमी आहे, तेव्हा फेडले नाही तरी चालेल’ असा सोयीस्कर अर्थ काढणाऱ्यांनी वसुलीची नोटीस येईपर्यंत वाट पाहावी.

हीच गल्लत निर्यात पतहमी महामंडळाबाबत, म्हणजे ‘ईसीजीसी’बाबत होते. १९५७ साली निर्यात-जोखीम विम्यासाठी स्थापन झालेली ही संस्था कर्ज देत नाही. ग्राहकाचे दिवाळे निघाले, त्याने रक्कम थकविली, किंवा त्याच्या देशात युद्ध वा चलनबंदी उद्भवली, तर बुडालेल्या रकमेची भरपाई करते, आणि व्यापारी जोखमीत काही हिस्सा निर्यातदारानेच सोसावा अशी सामान्य रीत आहे. माल निकृष्ट आहे असे म्हणून ग्राहकाने पैसे अडविले, तर मात्र त्याच्या देशातील न्यायालयाचा निवाडा आपल्या बाजूने मिळविल्याखेरीज दावा मान्य होत नाही. हे कलम विमापत्रावर सही करण्यापूर्वी वाचणारा मनुष्य मला क्वचितच भेटला आहे.

किरकोळ गैरसमज थोडक्यात. एक्झिम बँकेच्या नावात निर्यात असली तरी ती छोट्या कारखानदाराची रोजची बँक नव्हे. तिचा मोठा व्यवहार बड्या कंपन्यांशी आणि परदेशी सरकारांना दिलेल्या कर्जांशी आहे. व्याजात सूट देणारी २०१५ ची जुनी योजना २०२४ च्या अखेरीस संपली. आजही तिच्या नावाने अर्ज भरून देणाऱ्यास दाराबाहेर ठेवावे. लघुउद्योगाच्या ‘उद्यम’ नोंदणीला छदामही लागत नाही. निर्यात वाढली की लघुउद्योगाचा दर्जा जातो म्हणून भिणाऱ्यांनी २०२० ची अधिसूचना पाहावी. वर्गवारीच्या उलाढालीत निर्यातीची रक्कम धरलीच जात नाही. पतपत्र, म्हणजे ‘लेटर ऑफ क्रेडिट’, हाती असले म्हणजे पैसे खिशात पडले असे नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बँका माल पाहत नाहीत, कागद पाहतात, आणि बीजकातील एका विसंगतीपायी सबंध रक्कम अडकू शकते. आणि पाच-दहा किलोचे पार्सल पाठविणाऱ्याने गोदीचे नाव ऐकून घाबरू नये. डाकघर निर्यात केंद्रे त्याच्यासाठीच आहेत.

राहता राहिला बँकेच्या चालढकलीचा प्रश्न. नव्या निर्यात-कर्जाचा निर्णय ४५ दिवसांत, नूतनीकरणाचा ३० दिवसांत आणि तातडीच्या वाढीव रकमेचा १५ दिवसांत व्हावा, असे कालावधी रिझर्व्ह बँकेने आपल्या परिपत्रकांत घालून दिले होते, आणि नवा प्रस्ताव फेटाळला तर तो कारणांसह बँकेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या नजरेस आणावा, असेही त्यांत म्हटले होते. म्हणून अर्जाची तारीखवार पोच घ्यावी, नकार आला तर तो लेखी मागावा, आणि ‘वरून मंजुरी आली नाही’ हे खिडकीवरचे तोंडी उत्तर ऐकून घरी परतू नये.