देव्हाऱ्यातील गिनी मोडण्यापूर्वी

आपल्या कित्येक घरांत आजीच्या काळची एखादी गिनी असते. लक्ष्मीपूजनाला ती ताम्हनात येते आणि नड आली की सराफाकडे जाते. सराफ तोलतो, घट धरतो आणि सोन्याचे पैसे देतो. त्या नाण्यावरील साल मात्र कोणी वाचत नाही. ते 1918 असेल, तर वाचकहो, थोडे थांबावे.

पहिल्या महायुद्धात सरकार हिंदुस्थानातून कापूस, धान्य, ताग यांची प्रचंड खरेदी करीत होते. शेतकऱ्याला मोबदला हवा तो चांदीच्या रुपयात. कागदाच्या नोटेवर खेड्यात कोणाचा विश्वास? चांदी तर अपुरी पडली. 1917 साली एक रुपयाची नोट काढावी लागली, 1918 साली अमेरिकेतून चांदी आणावी लागली. त्याच अडचणीत मुंबईच्या फोर्टमधील टांकसाळीत सोन्याचे पंधरा रुपयांचे नाणे पाडले गेले. संख्या 21,09,703. पाठोपाठ ऑगस्ट 1918 मध्ये तेथेच लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा निघाली. एप्रिल 1919 मध्ये ती बंद झाली. तेवढ्यात तिने 12,95,372 सॉव्हरिन पाडले आणि सर्वांवर साल घातले 1918. या सॉव्हरिनलाच आपण गिनी म्हणतो. खरी इंग्रजी गिनी निराळी, पण तो वाद सराफ कट्ट्यावर चालायचा नाही!

दोन्ही नाणी बावीस कॅरेटची, वजन 7.988 ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याहून थोडे कमी. पंधरा रुपयांच्या नाण्यावर मुकुटधारी पंचम जॉर्ज आणि मागे वेलबुट्टीत किंमत व साल. सॉव्हरिनवर घोडेस्वार व अजगर. घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या बरोबर वर, इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर भिंगातून दिसले, की ते मुंबईचे.

पंधरा रुपयांची नाणी अधिक पाडली, तरी आज तीच दुर्मिळ. सॉव्हरिन जगात कोठेही चाले. हे नाणे बाहेर कोण ओळखणार? बहुतेक मुशीत गेली. 1931 नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, सोन्याचा भाव मात्र चढला, आणि खेड्यापाड्यांतील सोने सारा व कर्ज भागवण्यासाठी मुंबईमार्गे परदेशी गेले. त्यामुळे चांगल्या स्थितीतील पंधरा रुपयांच्या नाण्याला संग्राहक सोन्याच्या किमतीहून पुष्कळ अधिक देतात. 'आय'च्या सॉव्हरिनला वरकड थोडी मिळते. फार आशा धरू नये.

हाराला कडी डागली असेल तर ही वरकड बरीच घटते. म्हणून उरलेल्या नाण्याला आता कडी लावू नका. चिंच, राख, रांगोळी यांनी घासू तर मुळीच नका; घासलेले नाणे जाणकार लगेच ओळखतो. मऊ कापडात वेगळे ठेवावे. नकली नाणीही पुष्कळ आहेत, तेव्हा प्रथम बिनचूक काट्यावर वजन पाहावे, आणि विकायचेच तर एकाच सराफाच्या शब्दावर न जाता जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्यालाही दाखवावे. शंभर वर्षे उलटलेले नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते; ते परदेशी पाठवता येत नाही.

नांगरताना किंवा विहीर खणताना जमिनीत पुरलेली नाणी सापडली, तर गोष्ट निराळी. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास कलेक्टरला लेखी कळवावे लागते. लपवल्यास शिक्षा आहे. कळवल्यास आणि ते बेवारस ठरल्यास सापडणाऱ्याचा हिस्साही त्याच कायद्यात आहे.