बडोद्याचा घुमट आणि आमची दोन भाषांची लेक

माझ्या सासूबाईंचा प्रश्न अगदी साधा होता. "धारवाड आहे, कोल्हापूर आहे. मग पोरगी बडोद्याला कशाला?"

आमचं घर निपाणीचं. सासूबाई कानडी, सासरे मराठी आणि मी मिरजेची. घरात हिशेब मराठीत होतो, भांडण कानडीत आणि देवाचं दोन्हींत. अशा घरातल्या मुलीनं पदवीनंतर वस्तुसंग्रहालयशास्त्र शिकायचं ठरवलं, तेव्हा तो शब्द समजावून सांगण्यातच दोन दिवस गेले. "जुन्या वस्तू सांभाळायला शिकायला कशाला लागतं? मी पन्नास वर्षं सांभाळतेच आहे की," असं म्हणून सासूबाईंनी विषय मिटवला. पण हे शास्त्र बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून शिकवलं जातं आणि तो भारतातला या विषयाचा पहिला विभाग, हे लेकीनं शोधून काढलं होतं. तिला प्रवेश मिळाला आणि गेल्या जूनमध्ये मी तिला सोडायला गेले.

मला अंतराची काळजी नव्हती. मनात भीती होती ती वेगळीच. भोवती गुजराती, वर्गात इंग्रजी. आमच्या घरात जेमतेम टिकवलेल्या दोन्ही भाषा दोन वर्षांत तिच्या तोंडून निसटल्या तर?

विजापूरचा पाहुणा

बडोदा स्टेशनाबाहेर पडून थोडं चाललं की विद्यापीठाच्या कला शाखेची इमारत लागते. तिच्यावरचा भला मोठा घुमट पाहून लेक हसत म्हणाली, "आई, अज्जीला सांग, आपला गोलघुमट इथं येऊन राहिलाय!" ती चेष्टा नव्हती. जुन्या बडोदा कॉलेजची ही इमारत रॉबर्ट चिझम या वास्तुशिल्पकारानं उभारली आणि तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला, असं सांगतात. मुहंमद आदिलशहाच्या १६५६ सालच्या कबरीची आठवण करून देणारा घुमट गुजरातेतल्या कॉलेजवर!

दुसरी ओळख निघाली कोल्हापूरची. कोल्हापूरचा नवा राजवाडा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो ज्या मेजर मँटनं आखला, त्यानंच बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा केला. १८८१ मध्ये त्याचं निधन झालं आणि ते काम चिझमनं पुरं केलं. परक्या गावात आल्यासारखं वाटत होतं ते या दोन इमारतींनी थोडं कमी केलं.

बाराव्या वर्षी पाटी

ज्यांचं नाव विद्यापीठाला आहे, त्या सयाजीरावांची गोष्ट आपल्या मुलांना सांगावी अशी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेला हा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याचं शिक्षण सुरू झालं, तेही एकदम चार भाषांत. घरची मराठी, रयतेची गुजराती, शिवाय उर्दू आणि इंग्रजी. आपली मुलं दोन भाषांनी गोंधळतील म्हणून आपण घाबरतो. या मुलानं बाराव्या वर्षी पाटी घेतली आणि चार भाषा पेलल्या.

१८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण कारभार आला. त्याच वर्षी बडोदा कॉलेज सुरू झालं. १८८६ मध्ये गायनशाळा, १८९० मध्ये हातकौशल्य आणि तंत्रविद्या शिकवणारं कलाभवन. आपले दादासाहेब फाळके या कलाभवनात शिकले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात मोफत आणि सक्तीचं झालं. सयाजीराव १९३९ मध्ये गेले. विद्यापीठ झालं ते दहा वर्षांनी, ३० एप्रिल १९४९ ला. दुसऱ्याच दिवशी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. जणू राज्य सोडताना घरातलं सर्वांत मोलाचं तेवढं आधी सुरक्षित ठेवून दिलं.

पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या त्या भारतातल्या पहिल्या महिला कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ मध्ये मंजूर झाला, त्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते. तिथे 'सर्व माणसे' असे शब्द यावेत म्हणून आग्रह धरला तो याच बाईंनी. मुलीला एकटीला सोडून येणाऱ्या आईला हे ऐकून धीर येतो.

सगळे बाहेरून आलेले

या विद्यापीठाची माणसं बघितली तर 'बाहेरचे कोण' हा प्रश्नच उरत नाही. गायनशाळेचे मौलाबक्ष म्हैसूर दरबारात मान मिळवून आणि कर्नाटक संगीत शिकून आलेले. बडोदा कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवणारे अरविंद घोष बंगालचे. १९५० मध्ये ललितकला शाखा सुरू झाली, तिथं चित्रकला शिकवायला ना. श्री. बेंद्रे आले, ते इंदूरचे मराठी. शिल्पकार शंखो चौधरी बंगाली, के. जी. सुब्रमण्यन केरळातले. रसायनशास्त्राचं २००९ चं नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन यांचा जन्म तमिळनाडूतला. त्यांनी १९७१ मध्ये इथून भौतिकशास्त्राची पदवी घेतली.

आणि गणेश देवी. जन्म पुणे जिल्ह्यातल्या भोरचा, शिक्षण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, मग बडोद्यात अनेक वर्षं इंग्रजीचे प्राध्यापक. भारतातल्या भाषांची मोजदाद करण्याचं मोठं काम त्यांनी हाती घेतलं आणि पुढे ते राहायला गेले आपल्या धारवाडला. सासूबाईंना हे मी मुद्दाम सांगितलं. "म्हणजे बडोद्याहून धारवाडला वाट आहे म्हणायची," त्या म्हणाल्या.

खोली शोधताना

पण सगळंच गोड नव्हतं. लेकीसाठी खोली शोधताना एका घरी आधी आडनाव विचारलं, मग घरी काय शिजतं ते. उत्तर ऐकून खोली 'कालच गेली' असं कळलं. लेक गप्प झाली. आम्ही जवळच्या सयाजीबागेत जाऊन बसलो. तिला जुनं नाव कमाटीबाग.

याच बागेशी एक मोठं दुःख जोडलेलं आहे. सयाजीरावांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला पाठवलं. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीवर बडोद्यात आले. पण या गावात त्यांना जातीमुळे कुणी घर देईना. पारशी उतारूगृहातूनही बाहेर काढलं. त्या दिवशी ते या बागेत येऊन बसले आणि नंतर बडोदा सोडून गेले. त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. राजानं कॉलेजचं दार उघडलं तरी गावातली घरं आपोआप उघडत नाहीत. आमचा अपमान त्यापुढे काहीच नव्हता. पण घरमालकाचा प्रश्न शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही, हे तिथं बसून फार टोचलं. आपल्या गावी आपण खोली देताना काय विचारतो, हेही आठवलं.

शेवटी दांडिया बाजारात एका मराठी आजींकडे जागा मिळाली. त्यांचं घराणं चार पिढ्या बडोद्यात. बोलणं मराठीच, पण त्याला गुजराती हेल. मी माझी काळजी बोलून दाखवली. त्या म्हणाल्या, "आमची शाळा गुजराती, कॉलेज इंग्रजी. मराठी कुणी शिकवली नाही. उंबऱ्याच्या आत बोललो, म्हणून राहिली." २०१८ मध्ये याच विद्यापीठात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. आजी तिन्ही दिवस गेल्या होत्या, पायाला सूज असताना. भाषा विद्यापीठ राखत नाही, घर राखतं, हे मला तिथं कळलं. आणि चूक माझीच होती. आमच्याकडे मीच लेकीशी कानडी बोलायचं टाळत आले होते, माझी मोडकी आहे म्हणून.

अज्जीचा अभ्यास

दिवाळीआधी लेकीचा फोन आला, तो माझ्यासाठी नव्हताच. जुन्या घरगुती वस्तूंची नोंद करायचा अभ्यास मिळाला होता. वस्तूचं स्थानिक नाव, वापर, कुणी वापरली, सगळं लिहायचं. "अज्जीला दे," म्हणाली.

सासूबाईंनी फोन कानाला लावला. पहिला प्रश्न नेहमीचाच. "ऊट आय्ता?" जेवलीस का?

"आय्तु अज्जी," तिकडून उत्तर आलं. मग तासभर चाललं. जात्याला काय म्हणतेस? बीसो कल्लु. उखळाला? ओरळु. कोणत्या सणाला काय दळायचं, कुणाच्या माहेरून काय आलं, दळताना कुणी काय गायचं. मी भाजी निवडत ऐकत होते. निम्मे शब्द मला ठाऊक नव्हते.

फोन ठेवून सासूबाई माळ्याकडे बघत म्हणाल्या, "ते वरचं पितळेचं खाली काढ. पोरीला फोटो पाहिजेत."

"कशाला पाहिजे ते कळलं का आता?" मी मोडक्या कानडीत विचारलं.

त्यांनी आधी माझा उच्चार सुधारला. मग म्हणाल्या, "शिडी आण."