सुधाकरला माफ करायचं का?

बाईला छळणाऱ्या पात्राला लेखकाने शेवटी सुधारावं की शिक्षा द्यावी? मराठी रंगभूमीवर याची दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, 1919 साली रंगमंचावर आलं. त्यातला सुधाकर दारूपायी संसार धुळीला मिळवतो, तान्ह्या मुलाचा जीव घेतो. त्याला पश्चात्ताप होतो, शेवटी तो विष पिऊन मरतो. म्हणजे सुधारणाही झाली आणि शिक्षाही. पण त्याच्या बायकोचं, सिंधूचं काय? ती अखेरपर्यंत त्याला सांभाळून घेते आणि जिवानिशी जाते. त्याच्या पश्चात्तापाची किंमत तिने मोजली, हे मला अजिबात पटत नाही. बालगंधर्वांनी रंगवलेल्या सिंधूसाठी प्रेक्षक रडले, पण त्या रडण्यात सुधाकरही सहज माफ होऊन जातो.

तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' (1972) ही सवलत देत नाही. सखाराम घरात आणून ठेवलेल्या चंपाचा गळा दाबतो आणि तिला पुरायला त्याने तिच्याआधी ठेवलेली लक्ष्मीच पुढे सरसावते! ना पोलीस, ना अश्रू. मला हाच शेवट जास्त प्रामाणिक वाटतो, कारण इथे सखारामबद्दलचा निवाडा आपल्यालाच करावा लागतो.

दोन्ही नाटकं लागोपाठ वाचाच, आणि सिंधू नि चंपाच्या बाजूने वाचा.