वडील गेले, पॉलिसी राहिली

घरातला कर्ता माणूस गेला की दहावा-तेरावा होईपर्यंत कागदांकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढे पाहुणे पांगतात आणि मग पत्र्याच्या पेटीतली पिशवी बाहेर निघते. तीत सात-बाराचे जुने उतारे, सोसायटीच्या पावत्या, खतांची बिले, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, आणि या सगळ्यांत दडलेली विम्याची एखादी गुळगुळीत कागदांची फाईल असते. फाईल बहुधा इंग्रजीत असते. गेलेल्या माणसाला मात्र इंग्रजी येत नव्हते.

माझी नोकरी शेती विस्ताराची. लोकांनी मला कांद्यावरच्या करप्याबद्दल विचारावे, द्राक्षाच्या छाटणीबद्दल विचारावे. पण राहायला नाशिकला इंदिरानगरात असल्यामुळे सिन्नर, निफाड, दिंडोरीकडची ओळखीची मंडळी लेकीकडे किंवा भावाकडे शहरात आली की रविवारी घरी डोकावतात आणि पिशवीतून अशी फाईल काढून म्हणतात, "साहेब, एवढं जरा बघता का?" बघता बघता या कागदांची थोडीफार माहिती झाली. ती वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण त्यात बहुतेक सगळे येते. कुटुंबाचे, बँकेचे व कंपनीचे नाव सांगत नाही.

सिन्नर तालुक्यातले एक शेतकरी. घरात सगळे त्यांना नाना म्हणत. समृद्धी महामार्गात जमीन गेली आणि मोबदला खात्यावर जमा झाला. असा पैसा आला की गावात कोण कोण गाड्या घेऊन फिरू लागते, हे त्या पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको. नानांना मात्र गाडीवाला कोणी भेटला नाही, बँकेतच टेबलापलीकडचा मुलगा भेटला. "नाना, एफडीपेक्षा हे चांगलं. एकदाच दोन लाख भरा, पाच वर्षांनी दुप्पट घ्या, वर विमा फुकट." ही २०१८ सालची दिवाळीच्या आधीची गोष्ट. नानांनी सह्या केल्या. प्रत्यक्षात ती पॉलिसी दर वर्षी दोन लाख, असे दहा वर्षे भरण्याची होती. दुसऱ्या वर्षी हप्ता गेला नाही, एक महिन्याची सवलतीची मुदतही संपली आणि पॉलिसी बंद पडली. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत नाना गेले.

विम्याची रक्कम वीस लाख लिहिलेली होती. मुलगा आईला घेऊन बँकेत गेला. तिथून कंपनीकडे बोट दाखवले गेले आणि कंपनीचे दोन ओळींचे पत्र आले, की पॉलिसी बंद आहे, देणे काही नाही. इंदिरानगरात दिलेली नानांची मुलगी ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. वीस लाख मिळवून द्या, एवढेच तिचे म्हणणे होते.

मी तिला पहिल्याच दिवशी सांगितले, की वीस लाख येणार नाहीत. हे ऐकायला वाईट वाटते, पण यातच सगळी गल्लत होते. गेलेल्या माणसाच्या पॉलिसीबाबत दोन वेगवेगळी भांडणे असतात. पॉलिसी चालू असेल, तर मृत्यूचा दावा मागायचा. पॉलिसी बंद पडलेली असेल आणि मुळात खोटे सांगून गळ्यात मारलेली असेल, तर तो करारच फसवणुकीचा होता म्हणून भरलेले पैसे व्याजासह परत मागायचे. दोन्ही एकाच अर्जात कालवले, की कंपनी सोप्या मुद्द्याला नकार देते आणि अवघड मुद्द्याला उत्तरच देत नाही.

दुसरे भांडण अवघड का, तेही समजून घ्या. टेबलावर काय बोलणे झाले ते ऐकणारी माणसे दोनच. त्यांतला एक गेला आणि दुसरा म्हणतो, मी सगळे समजावून सांगितले होते. बाप गेल्यावर मुलाने "नाना असं म्हणत होते" म्हटले, तर त्याला किती वजन? म्हणून कागदाला बोलते करावे लागते.

त्यासाठी पहिली मागणी एकच करायची. प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा घेताना भरलेला अर्ज, त्याची सर्व पानांची प्रत. सोबत सही केलेला फायद्याचा तक्ता आणि पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीने खात्रीसाठी फोन केला असेल तर त्याचे ध्वनिमुद्रण. अर्ज रजिस्टर पोस्टाने करावा आणि पोच जपून ठेवावी. तोंडी विचारणा करून आलो, याला काही अर्थ नाही.

नानांचा फॉर्म आला तेव्हा मुलगी तो वाचत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. व्यवसाय: व्यापार. वार्षिक उत्पन्न: बारा लाख. मोबाईल नंबर घरात कोणाचाच नाही. फॉर्म सगळा इंग्रजीत आणि खाली नानांची ती वळणदार मराठी सही. आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजी फॉर्मवर मराठी सही किंवा अंगठा असेल, तर मजकूर अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला, असे निवेदन दुसऱ्या माणसाने सहीनिशी द्यायचे असते. नानांच्या फॉर्मवर ते निवेदन पॉलिसी विकणाऱ्यानेच दिले होते. चोरानेच पंचनाम्यावर पंच म्हणून सही करावी, तसे झाले.

कंपनीचे उत्तर ठरलेले होते: ग्राहकाने सही केली आहे, पॉलिसी परत करण्याची मुदतही वापरली नाही. ही मुदत त्या वेळी साधारणपणे पंधरा दिवसांची होती. २०२४ च्या नियमांनी ती तीस दिवस झाली आहे. आम्ही पुढे विमा लोकपालाकडे गेलो.

विमा लोकपाल म्हणजे विम्याच्या तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी. नाशिक जिल्ह्यासाठी पुण्याचे कार्यालय आहे. पॉलिसीधारक हयात नसेल तर नॉमिनी किंवा कायदेशीर वारस तक्रार करू शकतो. फी नाही आणि वकील चालत नाही. त्यामुळे "काम करून देतो, वीस टक्के द्या" म्हणणारा कोणी दारात आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार हवी. तिने ती फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर तेथून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचे. २०२३ पासून पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे तेथे चालतात. पॉलिसीच्या अटी चुकीच्या सांगितल्याची तक्रारही तेथे चालते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. पुण्याला हेलपाटे मारण्याचीही गरज नाही, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते.

नानांच्या प्रकरणात लोकपालाकडे तक्रार गेल्यावर कंपनीने ते ध्वनिमुद्रण हजर केले. मुलीच्याच घरी आम्ही ऐकले. हिंदीत भराभर प्रश्न, आणि पलीकडून "हां जी, हां जी". मुलगी म्हणाली, "हा नानांचा आवाजच नाही." आजी, म्हणजे नानांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "ह्यांनी आयुष्यात कोणाला हां जी म्हटलं नाही." फोनचा नंबरही तोच, फॉर्मवरचा, घरात कोणाचाच नसलेला.

सुनावणीच्या आधीच कंपनीचे पत्र आले. भरलेले दोन लाख पूर्ण परत, व्याज नाही. घ्यावे की लढावे, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मुलाला लढायचे होते. आजींनी घ्यायचे ठरवले. माझे मत विचाराल तर व्याज सोडायला नको होते. पण ज्यांचे पैसे, त्यांचा निर्णय.

तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचून घ्या. "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" असे छापलेले असते. रक्कम कमी वाटत असेल तर हक्क राखून स्वीकारत आहोत, असे आधी लेखी कळवा. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट मोकळी राहते. नाशिकला हा आयोग आहे. तेथे वारसाला तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र आधी आयोगात गेलात तर तेच प्रकरण लोकपाल घेत नाही. म्हणून आधी पुणे, मग आयोग, हा क्रम बरा.

पॉलिसी चालू असताना माणूस गेला आणि कंपनीने "आजार लपवला" म्हणून दावा नाकारला, अशी प्रकरणेही पुष्कळ येतात. विमा कायद्याचे ४५ वे कलम त्यासाठी वाचावे. २०१५ पासून लागू असलेल्या दुरुस्तीनुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की कंपनीला कोणत्याही कारणाने ती खोटी ठरवता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र येते. तेव्हा कारणे लेखी द्यावी लागतात आणि फसवणुकीचा आरोप असेल तर तो खोडून काढण्याचे ओझे वारसांवर पडते. एजंटाला मधुमेह सांगितला होता आणि त्यानेच "नाही" वर खूण केली, अशी तक्रार असेल तर याच कलमातले एक स्पष्टीकरण उपयोगी पडते: करार घडवताना विमा विकणारा माणूस हा कंपनीचाच प्रतिनिधी समजला जातो. आजाराचा मृत्यूशी संबंध किती, हाही प्रश्न येतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. त्यात न सांगितलेला आजार कमरेच्या मणक्याचा होता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. पण त्यावर विसंबून राहू नये. २०२० साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात, आजार लपवला म्हणून दावा नाकारणे योग्य ठरवले.

एजंटाच्या हातात हप्ता देणाऱ्यांनी १९९७ चा निकालही लक्षात ठेवावा. त्या प्रकरणात ग्राहकाने आयुर्विमा महामंडळाच्या एजंटाला हप्त्याचा चेक दिला. एजंटाने पैसे वेळेवर भरले नाहीत. ऑगस्ट १९८७ मध्ये ग्राहक अपघातात गेला आणि दुसऱ्या दिवशी हप्ता कार्यालयात जमा झाला. एजंटाला हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नव्हता, म्हणून महामंडळ विम्याची रक्कम देण्यास बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. हप्ता कार्यालयात किंवा बँकेतूनच भरावा आणि पावती त्याच फाईलला लावावी.

नॉमिनीवरून भावाभावांत तंटे होतात, त्याविषयी थोडे. नॉमिनी आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले असतील, तर २०१५ नंतरच्या कायद्याने रक्कम साधारणपणे त्यांचीच होते. पुतण्या किंवा मेहुणा नॉमिनी असेल तर तो फक्त स्वीकारणारा, हक्क वारसांचा. नॉमिनीच नसेल, तर तलाठ्याकडची वारस नोंद जमिनीपुरती असते. कंपनी दिवाणी न्यायालयाचा दाखला मागू शकते.

आता नानांच्या पिशवीतली शेवटची वस्तू, बँकेचे पासबुक. ते मी सगळ्यात शेवटी पाहिले. खरे तर प्रत्येक घराने ते सगळ्यात आधी पाहावे. मे-जूनच्या सुमारास ३३० किंवा ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची वर्गणी. १२ किंवा २० रुपये असतील तर सुरक्षा विम्याची. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास आणि दुसरीत अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख मिळतात. जीवनज्योतीचे संरक्षण वयाच्या ५५ पर्यंतच आहे. नानांचे वय ५८ होते, त्यामुळे त्यांना ते लागू नव्हते. पण पन्नाशीच्या आतले कितीतरी जण जातात आणि ही ओळ घरात कोणी वाचत नाही.

आणि माझ्या खात्याचे एक काम सांगून थांबतो. विहिरीत पडून, वीज अंगावर पडून, साप चावून किंवा रस्त्यावरच्या अपघातात शेतकरी गेला, तर दोन लाखांचे शासकीय साहाय्य असते. २००५-०६ पासून ही योजना विमा कंपन्यांमार्फत चालत होती आणि दाव्यांत त्रुटी काढून ते अडवले जात, अशी ओरड होती. एप्रिल २०२३ मध्ये शासनाने विमा कंपनी बाजूला करून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आणली. वय १० ते ७५. सात-बारावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या घरातील, नावावर जमीन नसलेला एक सदस्यही तीत बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, तीस दिवसांच्या आत. पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, म्हणून साप चावून माणूस गेला तरी "कशाला चिरफाड" म्हणून शवविच्छेदन टाळू नये. अर्ज भरताना अडले तर गावच्या कृषी सहायकाला विचारा. तो त्याच्या कामाचाच भाग आहे, त्यासाठी कोणाला काही द्यावे लागत नाही.