हळद आणि कळलावी

हळदीचा डबा नाहीं असें स्वयंपाकघर आपल्याकडे शोधूनही सांपडावयाचें नाहीं. वरणाला फोडणी द्यावयाची असो, लोणचें घालावयाचें असो, कीं मुलानें गुडघा फोडून घेतलेला असो, घरच्या स्त्रीचा हात आपोआप त्या डब्याकडे वळतो. उलट, श्रावण-भाद्रपदांत सह्याद्रीच्या रानांतून हिंडणाऱ्यास झुडपांच्या आधारानें चढलेली, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची एक वेल दिसते. आणि ती दिसतांच जाणता माणूस बरोबरच्या मुलांस मागें ओढतो. ही कळलावी. एक घरची लक्ष्मी, तर दुसरी रानांतील विषकन्या. सूज आणि दाह ज्यांच्या मुळाशीं आहेत अशा जुनाट व्याधींवर वनस्पतींचा कितपत उपयोग होतो, हा प्रश्न हल्लीं घरोघर विचारला जातो. त्याचें उत्तर ह्या दोघींच्या हकीकतींतून जितकें स्पष्ट मिळतें, तितकें कोणत्याही जाहिरातींतून मिळणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हा विषय आम्ही ग्रंथालयांतून उचललेला नाहीं. तो आमच्या माजघरांतून आला. आमच्या थोरल्या काकूंस संधिवात आहे. सकाळीं उठल्यावर तासभर त्यांचीं बोटें मिटत नसत. डब्याचें झांकण उघडावयास सुनेला हांक मारावी लागे. डॉक्टरांनीं आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें मेथोट्रेक्झेट दिलें, वेळोवेळीं रक्त तपासून घेण्यास बजावलें, आणि वर्षाच्या आंत काकू पुन्हा पोळ्या लाटूं लागल्या. पुढें एका लग्नांत कोणा आप्तानें त्यांच्या हातीं हळदीच्या अर्काच्या गोळ्यांची बाटली ठेवली व म्हटलें, "तें जहाल औषध कशाला पोटांत घालतां, वहिनी? ही तर आपली हळद. गुण आला तर उत्तम, नाहीं आला तरी अपाय कसला?" काकूंनीं कोणास न सांगतां डॉक्टरांचें औषध बंद केलें. अकरा माणसांच्या घरांत पांच महिने हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. दिवाळींत करंज्यांना मुरड घालतांना त्यांचे हात थांबले, तेव्हां सर्व उघडकीस आलें. औषध पुन्हा सुरू झालें, सूज ओसरली. पण उजव्या हाताचीं दोन बोटें वांकलीं तीं वांकलींच. काकूंस बोल लावणें सोपें आहे. खरें सांगावयाचें तर आप्ताचें तें वाक्य ऐकून आम्हींही त्या वेळीं मान डोलावली होती.

दाह हा मुळांत आपला शत्रु नव्हे. पायांत कांटा रुतला कीं ती जागा लाल होते, तापते, सुजते व ठणकते. रक्तांतील पांढऱ्या पेशी तेथें रक्षणासाठीं धांवून आल्याचीं तीं चिन्हें होत. काम उरकतांच ह्या सैन्यानें परत जावें अशी योजना असते. संधिवातांत तें परत जात नाहीं. आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतें. हृदयाच्या रोहिण्यांत मेदाचे थर सांचतात तेथेंही असाच दाह वर्षानुवर्षें धुमसत असतो. हा अवेळीं पेटलेला अग्नि शमविणारें द्रव्य वनस्पतींत आहे काय, हा खरा प्रश्न.

योगायोग असा कीं, आपल्या दोन्ही नायिकांच्या कथेंत पॅरिसचा एकच रसायनशास्त्रज्ञ येतो. पेल्टिये हें त्याचें नांव. १८१५ सालीं त्यानें व्होगेल ह्याच्या साहाय्यानें हळदींतील पिवळें द्रव्य वेगळें काढलें, तेंच कर्क्युमिन. पुढें १८२० सालीं त्यानेंच काव्हांतू ह्याच्यासह युरोपांतील कोल्चिकम नांवाच्या विषारी कंदांतून दुसरें एक द्रव्य काढलें. त्यास नंतर कोल्चिसीन हें नांव मिळालें. हेंच कोल्चिसीन आपल्या कळलावीच्या कंदांत व बियांत आढळतें. एका घराण्यांतील दोन मुलींची दैवें निराळीं निघावींत, तशी पुढें ह्या दोन द्रव्यांची गति झाली.

प्रथम हळद पाहूं. प्रयोगशाळेच्या नळींत कर्क्युमिन दाहाच्या अनेक क्रिया थोपवितें, ह्यांत शंका नाहीं. अडचण पोटांत गेल्यावर सुरू होते. हळदींत कर्क्युमिन असतें शंभरांत तीन भागांच्या आसपास. आणि जें पोटांत जातें त्यांतलें फारच थोडें रक्तांत उतरतें. बंगळूर येथें झालेल्या व १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरोगी माणसांस दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलें, तरी रक्तांत तें जेमतेमच आढळलें. मिऱ्यांतील पायपरीन वीस मिलिग्रॅम जोडीला दिलें तेव्हां प्रमाण वीसपट वाढलें. थायलंडांत २०१४ सालीं गुडघ्यांच्या झिजेनें त्रस्त झालेल्या ३६७ रोग्यांवर चांचणी झाली. चार आठवड्यांत हळदीचा अर्क आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला व पोटाचे त्रासही कमी झाले. ही जमेची बाजू. परंतु १२० हून अधिक चांचण्यांचा आढावा घेऊन कांहीं रसायनशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं जो निर्वाळा दिला तो निराशेचाच होता: कर्क्युमिन कोणत्याही रोगावर निर्विवादपणें उपयोगी ठरलेलें नाहीं. शिवाय इटलींत २०१९ सालीं हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकीं कित्येकांस यकृताचा दाह झाल्याचें आढळलें. चिमूटभर हळद फोडणींत घालणें निराळें, आणि तिचा अर्क, शोषण वाढविणाऱ्या द्रव्यासह, रोज घेणें निराळें.

येथें एक आक्षेप संभवतो. हळदीनें जखम भरून येते ह्याचें पेटंट अमेरिकेंत १९९५ सालीं दिलें गेलें, आणि आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने आधार पुढें ठेवून तें १९९७ सालीं रद्द करविलें. मग आपलें ज्ञान जगानें मान्य केलेंच ना? त्या विजयाचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु त्यांत एवढेंच सिद्ध झालें कीं, हा उपयोग आपणांस पूर्वींपासून ठाऊक होता. हळद कोणत्या व्याधीवर, किती मात्रेंत, किती गुणकारी आहे, हा निवाडा त्या खटल्यापुढें नव्हताच.

आतां रानांतील वेलीकडे वळूं. तिच्या कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतांत तिला लांगली म्हणतात. हा कंद चुकून खाल्ल्यानें माणसें दगावतात. असें असून गाउट नामक सांध्यांच्या विकारावर कोल्चिसीन हें दीर्घकाळ मान्यता पावलेलें औषध आहे. पांढऱ्या पेशींना हलण्यास लागणारे सूक्ष्म तंतु तें जुळूं देत नाहीं. त्यामुळें धांवून येणारें सैन्य वाटेंतच मंदावतें. २०२० सालीं ऑस्ट्रेलिया व नेदरलँड्स ह्या देशांतील ५,५२२ जुनाट हृद्रोग्यांवर झालेल्या चांचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. निम्म्यांस रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन, निम्म्यांस दिसावयास तशीच पण निरुपद्रवी गोळी. सुमारें अडीच वर्षांत हृदयविकाराचे झटके वगैरे गंभीर प्रसंग दुसऱ्या गटांत शंभरांत साडेनऊंवर ओढवले, पहिल्या गटांत सातांहून कमी जणांवर. २०२३ सालीं अमेरिकेनें ह्या उपयोगास मान्यता दिली. तरी हाही शेवटचा शब्द नव्हे. झटका येऊन गेलेल्या सात हजारांवर रोग्यांच्या, २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत फायदा दिसला नाहीं.

अर्धा मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या सुमारें चाळिसाव्या भागाइतकें वजन. कंद उगाळून ही मात्रा कोणा आजीबाईसही साधणार नाहीं. आणि गोळीच्या रूपांतही मूत्रपिंड दुबळें असलेल्यास, किंवा क्लॅरिथ्रोमायसीनसारखें औषध चालूं असलेल्यास, तेंच द्रव्य जिवावर बेतूं शकतें.

तात्पर्य काय? जिच्यावर आपण आंधळा विश्वास टाकला ती हळद अद्याप परीक्षेंत पुरती उतरलेली नाहीं, आणि जिला आपण भ्यालों ती कळलावी नेमक्या मात्रेच्या धाकांत राहून औषध झाली. वनस्पतीपासून निघालें म्हणून औषध सौम्य ठरत नाहीं, आणि विषारी म्हणून त्याज्यही ठरत नाहीं. द्रव्य कोणतें, मात्रा किती, पारख कोणी व कशी केली, हे तीन प्रश्न वैद्यासही विचारावेत, डॉक्टरांसही विचारावेत, आणि लग्नांत भेटणाऱ्या हितचिंतकांस तर अवश्य विचारावेत. घरांत कोणी अर्काच्या गोळ्या घेत असेल तर तें डॉक्टरांच्या कानांवर घालावें. आणि चालूं औषध त्यांस विचारल्यावांचून कधींही सोडूं नये.

एकत्र कुटुंबांत कोण काय जेवलें हें सर्वांस ठाऊक असतें. कोण कोणतें औषध घेतो हें मात्र पुष्कळदां कोणासच ठाऊक नसतें. आमच्या घरीं ही उणीव आम्हीं भरून काढली आहे. काकू अजूनही भाजींत सढळ हातानें हळद घालतात, आणि सोमवारीं रात्रीं जेवण झाल्यावर त्यांची गोळी व पाण्याचा पेला घेऊन धाकटी नात त्यांच्यासमोर उभी राहते. गोळी घेतली कीं ती दिनदर्शिकेवर खूण करते. एकही सोमवार त्या मुलीनें अजून चुकविलेला नाहीं.