जाळ्यावाचून कोळी : एका संज्ञेचा विचार

मराठीत ‘कोळी’ हा शब्द मासेमारी करणाऱ्या समाजास आणि आठ पायांच्या एका जीवास सारखाच लागतो. दोन्हीकडे जाळ्याचीच कल्पना डोळ्यांपुढे येते. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरच्या आसपास कपाशी-तुरीची काळी राने आहेत. अशा रानांत जमिनीवर धावणारे जे कोळी आढळतात, त्यांतील बहुतेक भक्ष्यासाठी जाळे विणीत नाहीत. त्यांच्या कुळास सुंदेवाल याने १८३३ साली ‘लायकोसिडी’ हे नाव दिले. त्याच्या मुळाशी लांडगावाचक ग्रीक शब्द असून ‘लांडगा-कोळी’ ही संज्ञा त्याच अर्थाचा अनुवाद होय.

या संज्ञेची दोन्ही पदे दिशाभूल करू शकतात. लांडगे कळपाने शिकार करतात. हा कोळी मात्र एकटाच दबा धरतो व झेप घेऊन भक्ष्य पकडतो. त्याचे आठ डोळे तीन ओळींत असतात : खाली चार लहान, मध्ये दोन मोठे, वर दोन मध्यम. रात्री विजेरीच्या प्रकाशात ते चमकतात.

जाळे नसले तरी धागा त्याच्या जीवनातून गेलेला नाही. मादी अंड्यांभोवती धाग्याची गोल पिशवी करते, ती शरीराच्या मागील टोकास चिकटवून हिंडते, आणि वेळ येताच ती फोडून पिलांना वाट देते. पुढे काही दिवस पिले तिच्या पाठीवर राहतात. फ्रेंच कीटकाभ्यासक फाब्र याने पिशवी काढून बुचाची गोळी दिली असता मादीने तीही तशीच वाहिली.

उलट, याच कुळातील ‘हिपासा’ प्रजाती नरसाळ्यासारखे जाळे विणते. अर्थात जाळ्याचा अभाव हे कुळाचे लक्षण ठरत नाही. डोळ्यांची मांडणी आणि अंडी-पिलांचे वहन ही खरी लक्षणे होत. टिकादार व मल्होत्रा यांनी भारतातील या कुळाचे वर्णन १९८० साली ग्रंथरूपाने सिद्ध केले.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. हे कोळी कपाशीवरील तुडतुडे व लहान अळ्या खातात. सरसकट मारक अशा कीटकनाशकाने किडीसह तेही मरतात, आणि मादीबरोबर तिची सारी वीणही नष्ट होते. ज्यास निश्चित नाव नाही, तो जीव व्यवहारात किडीतच गणला जातो. यास्तव संज्ञा घडविताना परभाषेतील रूपकापेक्षा जीवाच्या आचरणाकडे पाहणे श्रेयस्कर. ‘पिलेवाहक कोळी’ असे नाव शेतकऱ्यासही प्रत्यक्ष पाहून पटण्याजोगे आहे.