खारबांधाला खांड पडली, तर दुरुस्ती कुणाची? सरकारची की गावाची?

पावसाळा जवळ आला की अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात एकच विषय निघतो: यंदा बांध टिकेल का? अंबा नदी आणि धरमतर खाडीच्या काठची भातशेती मातीच्या बांधांच्या भरवशावर आहे. हे बांध जुने झालेत, ठिकठिकाणी खचलेत. दुरुस्ती व्हायला हवी, हे सगळ्यांनाच मान्य आहे. ती कुणी करायची, यावर मात्र गावात एकमत होत नाही.

बांध काम कसं करतो?

खारेपाटातली बरीच शेतं उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. खाडीच्या बाजूचा मुख्य बांध, म्हणजे बाहेरकाठा, खारं पाणी अडवतो. या बांधात उघाड्या असतात. ओहोटीला उघाडीचं दार उघडतं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीला दार मिटतं. दार कुजलं किंवा गाळात अडकलं की दोन्हीकडून मार बसतो. खारं पाणी आत येतं आणि पावसाचं पाणी बाहेर जात नाही.

बांध फुटायला वादळच यावं लागतं असं नाही. खेकड्याचं बीळ किंवा निखळलेला एखादा दगडही पुरतो. तिथून पाणी झिरपतं, माती वाहून जाते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला नेमकी तिथेच खांड पडते. मग दिवसातून दोनदा भरती आत शिरते आणि खांड रुंदावत जाते. आज चार माणसांनी बुजवता येणारं भोक महिन्याभरात यंत्राशिवाय बुजत नाही.

आधी गाव बांध राखायचं

पूर्वी बांधाची जबाबदारी जोळीवर असायची. जोळ म्हणजे बांधाच्या आतल्या शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली व्यवस्था. बांधावर नजर ठेवायची आणि खांड पडली तर सगळ्यांनी मिळून चिखलमातीने बुजवायची. त्यात वेळेला फार महत्त्व. अष्टमीच्या आसपास भरतीचा जोर कमी असतो, ती भांगाची भरती. काम तेवढ्या दिवसांत उरकावं लागायचं, कारण आठवड्याभरात पुढचं उधाण येणार.

१९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला. सरकारी योजनेतल्या बांधांची देखभाल खारभूमी विभागाकडे गेली. मोठ्या कामांना सरकारी पैसा मिळू लागला, हा फायदा झाला. पण हळूहळू जोळ मोडली. रोज बांधावर चक्कर मारणारं कुणी उरलं नाही.

लोक काय म्हणतात?

"बांध सरकारचा, दुरुस्ती सरकारने करावी," हे सर्रास ऐकू येतं. त्यात चूक नाही. पण अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा यात महिने जातात आणि उधाण मंजुरीची वाट बघत नाही.

दुसरा सूर नोकरी-धंद्यानिमित्त बाहेर असलेल्यांचा. भातशेतीत उरत नाही, जमीन पुढेमागे विकायचीच, मग बांधाला खर्च कशाला? तिसरा प्रश्न शेताच्या जागेचा. खाडीजवळच्या शेतात पाणी आधी येतं, आतल्या शेतकऱ्याला वाटतं आपल्यापर्यंत यायला वेळ आहे. खाडीतल्या बार्जच्या लाटांनी बांध ढासळतात, त्यामुळे त्यांनीही खर्च द्यावा, अशीही मागणी होते.

वाट पाहण्याची किंमत

खारं पाणी शेतात शिरलं की त्या वर्षीचं पीक तर जातंच. जमिनीतला खारटपणा पावसाने धुऊन निघायलाही काही हंगाम जातात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारट जमिनीत तग धरणारी भाताची वाणं काढली आहेत, पण रोज भरतीखाली जाणाऱ्या शेतात कुठलंच भात टिकत नाही.

त्याहून मोठा धोका पुढचा आहे. खांड काही वर्षं तशीच राहिली की शेतात कांदळवन वाढतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. खासगी जमिनीवरचं कांदळवनही यातून सुटत नाही. म्हणजे सात-बारा शेतकऱ्याच्या नावावर, पण तिथे पुन्हा भात लावणं अवघड. कांदळवन खाडीच्या बाजूला असेल तर लाटांचा जोर कमी करून बांधाला आधारच देतं. दुरुस्तीअभावी ते बांधाच्या आत वाढलं की शेती जाते.

गावाने काय करावं?

- आपला बांध सरकारी योजनेत आहे की खासगी, हे खारभूमी विभागाकडून लेखी घ्यावं. दुरुस्ती कुणाकडे मागायची, हे त्यावर ठरतं.
- पावसाळ्याआधी आणि नंतर बांधावरून चालत जाऊन बिळं, भेगा, झिरपणारं पाणी आणि उघाडीची दारं पाहावीत. तारखेसह फोटो काढावेत.
- ग्रामसभेत ठराव करून फोटोंसह अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.
- शेतात पाणी शिरलं तर लगेच तलाठ्याला कळवून पंचनामा मागावा.
- लहान भोकं भांगाच्या भरतीत गावानेच बुजवावीत.

मोठी खांड बुजवणं एकट्या गावाला परवडणारं नाही, तिथे सरकारच लागतं. पण भोक लहान असतानाच ते दिसायला बांधावर रोज जाणारा माणूस लागतो, आणि तो गावातलाच असू शकतो.